दावीदमामा आणि क्रूझचं बटण

दावीदमामांना घाई केलेली चालत नसे. पहिल्या भेटीतच त्यांनी मला ते शिकवलं. मी तेव्हा सुप्याच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात नवीन होतो. हिशेब, गाड्यांचे कागद, ड्रायव्हरांच्या रजा, सगळं माझ्याकडे. एक गाडी चालू होईना म्हणून मी ती ओढत मामांच्या शेडपर्यंत नेली आणि उतरता उतरताच म्हणालो, "मामा, लवकर बघा, माल बाराच्या आत पोचायचाय."

मामांनी हातातली पक्कड खाली ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि माठातलं पाणी काढून आधी माझ्या ड्रायव्हरला दिलं, मग मला.

"घाई असंल तर पुन्याला जा," ते शांतपणे म्हणाले. "तिकडं समदं लवकर हुतं."

गाडी पावणेबाराला चालू झाली. पण त्याआधी जवळजवळ अर्धा तास त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. ड्रायव्हरला समोरच्या बाकावर बसवून ते विचारत होते, कधीपासून असं होतंय, काल मुक्काम कुठं होता, गाडी धुतली होती का, सुरू करताना आवाज कसा आला. ड्रायव्हर सांगत होता आणि मामा मान हलवत होते. माझ्या जिवाची नुसती तगमग. नंतर कळलं की ही त्यांची रीतच होती. आधी माणूस सांगणार, मग मीटर. तेही ज्याच्या हातात गाडी असते त्या माणसानं सांगायचं. मालक किंवा माझ्यासारखा कारकून मध्ये बोलायला लागला की मामा त्याला चहा सांगायला पिटाळत.

नगर-पुणे रस्त्याला सुप्याच्या अलीकडे त्यांची पत्र्याची शेड होती. बाहेर बोर्ड नव्हता, कारण सगळे ओळखतच होते. ट्रकची वायरिंग, डायनामो, दिवे, हॉर्न, जे काही विजेवर चालतं ते सगळं मामांचं. उंची बेताची, अंगावर खाकी शर्ट, डोक्याला बारा महिने लोकरीची टोपी. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिथे लाल वायरचा तुकडा गुंडाळलेला. मी एकदा म्हणालो, "मामा, चष्मा तरी नवा घ्या." तर म्हणाले, "करंट पास हुतोय की अजून." आणि स्वतःच खूप हसले.

काम करताना ते गुणगुणत. रविवारच्या उपासनेतली गीतं असत ती, पण चालीचा आणि त्यांचा फारसा संबंध नसे. शेडवर बसलेले ड्रायव्हर मोबाईल बघत निवांत असत आणि गुणगुणणं थांबलं की एकदम मान वर करत. गुणगुणणं थांबलं म्हणजे फॉल्ट सापडला. इतकी पक्की खूण होती ती.

शेडच्या मागच्या फळीवर बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते. गाडीतून काढलेला प्रत्येक खराब भाग मामा त्यात ठेवत आणि त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर गाडीचा नंबर नसे, माणसाचं नाव असे. मी विचारलं, "हे काय?" म्हणाले, "ज्यानं बराबर सांगितलं त्याचं नाव. मी काय, नुसता स्क्रू काढला." त्या डब्यांत जळके फ्यूज होते, तुटलेले स्विच होते आणि तालुक्यातालुक्यातली ड्रायव्हरांची नावं होती.

राजूरच्या एका टेम्पोवाल्याची गोष्ट मी ऐकून सोडून देणार होतो, पण तो टेम्पोवाला स्वतः माझ्यासमोर बसून सांगत होता म्हणून विश्वास ठेवला. त्याच्या टेम्पोचे दिवे घाटातल्या एकाच वळणावर जायचे. दुसरीकडे कुठे नाही, तिथेच. जागा वाईट आहे असं गावानं ठरवून टाकलं आणि हा गडी लांबच्या रस्त्यानं भाजी आणायला लागला. मामांनी एक दिवस शेड बंद ठेवली आणि त्याच्या शेजारी बसून त्या वळणापर्यंत गेले. वळणावर पाण्याचा कॅन सरकत होता आणि बॅटरीच्या ढिल्या तारेला धक्का देत होता. तार आवळली, कॅन बांधला, झालं. पण परत आल्यावर चार लोकांनी त्या टेम्पोवाल्याची टर उडवायला सुरुवात केली तेव्हा मामा म्हणाले, "हसू नका रं. जागा खरंच वाईट हाय. वळन केवढं हाय तिथं!" तो टेम्पोवाला हे सांगताना हसत होता, पण त्याचे डोळे भरून आले होते.

नाताळात मामांच्या घरून आमच्या ऑफिसात फराळ येई. पण पहिल्या पुड्या ऑफिसात येत नसत. आधी ते आपल्या लुनाला पिशव्या अडकवून रस्त्यावरच्या धाब्यांवर फिरत आणि तिथे थांबलेल्या परमुलखातल्या ड्रायव्हरांना करंज्या आणि शेव वाटत. त्यांची भाषा मामांना येत नसे. "खाव, खाव, घरका हाय," एवढ्यावर भागायचं.

या सगळ्यामुळे मामा मला आवडायचे, पण एका कारणानं मी त्यांच्यापासून थोडा जपून असायचो. माझ्या टेबलावर बसून केलेला निकाल त्यांच्या बाकावर टिकेल याची खात्री नसे. आणि दोन हिवाळ्यांपूर्वी नेमकं तेच झालं.

आमच्या शेठनी नवी मोठी गाडी घेतली होती. तिला स्टिअरिंगवर क्रूझची बटणं होती. रस्ता मोकळा असला की एक बटण दाबायचं, मग गाडी तो वेग आपण होऊन धरून ठेवते आणि ड्रायव्हरच्या पायाला आराम. ब्रेकला पाय लागला की ते सुटतं. मग दुसरं बटण दाबलं की मघाचाच वेग गाडी पुन्हा पकडते. ही गाडी बबनच्या हातात दिली होती. बबन सोनईचा, वीस वर्षांपासूनचा जुना ड्रायव्हर, कमी बोलणारा. त्यानं आजवर गाडीला ओरखडासुद्धा काढला नव्हता.

एका सकाळी थंडी मी म्हणत असताना बबन माल घेऊन सुप्याकडे येत होता. पुढे मेंढरं आडवी आली. त्यानं ब्रेक मारून वेग कमी केला, मेंढरं बाजूला होताना ब्रेकवरचा पाय काढला, आणि गाडी आपोआप पळायला लागली. त्यानं पुन्हा ब्रेक दाबला, स्टिअरिंग वळवलं आणि गाडी दुभाजकावर चढली. मेंढरं वाचली, धनगर वाचला, बबनचा हात सुजला. गाडीचं तोंड मात्र फुटलं.

"भाऊसाहेब, पाय काढला की गाडी आपली आपन पळाली," बबन मला सांगत होता. "देवाशप्पत. मी बटन दाबलं न्हाई."

दुपारी दोन वाजता कंपनीचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन आला. त्यानं वायर जोडली, बटणं दाबून पाहिली, गाडी फिरवून आणली. सगळं ठीक. शेठ फोनवर म्हणाले, "झोपला असणार. दुसरं काय? ग्रुपवर टाक."

ग्रुप म्हणजे आमच्या भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. ज्या ड्रायव्हरला गाडी द्यायची नाही त्याचा फोटो तिथे टाकतात. एकदा फोटो पडला की नगरपासून पुण्यापर्यंत त्याला कोणी स्टिअरिंगला हात लावू देत नाही. मी बबनच्या लायसनवरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "गाडी चालवताना झोपतो. गाडी देऊ नये." टाकायला मिनिटसुद्धा लागलं नाही. संध्याकाळी तो फोटो बबनच्या मेहुण्याच्या मोबाईलवर पोचला, कारण मेहुणाही ड्रायव्हरच. बायकोच्या माहेरात बबनची झोप गाजली.

दुसऱ्या दिवशी गाडी हेडलाईटच्या वायरिंगसाठी मामांकडे गेली. केबिनमधली आपली वळकटी आणि डबा न्यायला बबनही तिथे गेला. मामांनी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. तासाभरानं मला फोन आला.

"भाऊसाहेब, गाडी दोन दिस ऱ्हाऊ द्या."

"हेडलाईटला दोन दिवस?"

"हेडलाईट झाला. क्रूझचं बटन बघायचंय."

"मामा, इंजिनिअरनं लॅपटॉप लावून बघितलंय. तुम्ही फक्त बिलावर लिहा, स्विच तपासला, ठीक आहे. शेठना विषय मिटवायचाय."

"तपासल्याबिगर कसं लिहू?" मामा म्हणाले. "आनि बबन म्हंतोय पळाली, तर पळालीच आसंल. घाई असंल तर पुन्याला न्या."

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "भाऊसाहेब, जरा येता का? एकटेच या."

मी गेलो तर मामा शेडमध्ये नव्हते. शेजारच्या धाब्यावर फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसले होते आणि धाब्याचा मालक त्यांच्यावर वैतागला होता. लस्सीच्या ग्लासांमध्ये, दह्याच्या पातेल्याला टेकून, प्लास्टिकच्या पिशवीत आमच्या गाडीचा क्रूझचा स्विच ठेवलेला होता.

"बबनला इचारलं, कवा कवा असं झालं," मामा सांगायला लागले. "त्यो म्हनला, आदीबी दोन बारीला झाल्तं, पर सकाळीच. उनं चढली की गाडी शानी. म्हनलं, मग तुमचा इंजिनेर दुपारी दोनला येऊन काय बघनार?"

त्यांनी स्विच बाहेर काढला आणि मीटरच्या दोन तारा मागे जोडल्या. "दाबा तुमी," म्हणाले. मी बटण दाबलं, मीटर कुईं करून वाजला. बोट काढलं. बटण वर आलं, पण मीटर वाजतच राहिला. आतली पट्टी गारठ्यानं चिकटून बसली होती. वरून बघणाऱ्याला बटण मोकळं दिसत होतं आणि गाडीला मात्र वाटत होतं की ड्रायव्हर ते दाबून बसलाय. म्हणजे वेग परत पकडायचं बटण आधी एकदाच दाबलेलं असलं, तरी ब्रेकवरचा पाय निघाला की गाडी मघाचा वेग धरायला पळणारच. मामांनी तो स्विच बाहेर उन्हात फरशीवर ठेवला. थोड्या वेळानं मीटर आपोआप गप्प झाला.

"सकाळचा गूळ घट्ट आनि दुपारचा गूळ मऊ," मामा म्हणाले.

मग आम्ही शेडमध्ये आलो. ते गुणगुणत बारीक स्क्रू काढायला लागले आणि झाकण उघडलं तसं गुणगुणणं थांबलं. आतली पट्टी दिसतच नव्हती. सगळीकडे लाल-पिवळा, चिकट, सुकलेला थर. मामांनी स्विच माझ्या नाकाजवळ धरला.

"वास घ्या."

खवट खोबऱ्याचा वास होता.

आमच्याकडे दर अमावास्येला गाड्यांची पूजा होते, आणि ती मी करतो. कोणी सांगितलं म्हणून नाही, हौसेनं. बाकीचे लोक बंपरवर हळद-कुंकू लावून नारळ फोडून मोकळे होतात. मी केबिनमध्ये चढतो. नव्या गाडीची तर मी फारच निगुतीनं पूजा करायचो. बटणं म्हणजे गाडीच्या नाड्या, असं मीच ड्रायव्हरांना सांगायचो. करंगळीशेजारच्या बोटानं प्रत्येक बटणाच्या खाचेत हळद-कुंकू भरायचो आणि वरून नारळाचं पाणी शिंपडायचो. सात-आठ अमावास्या झाल्या होत्या. बबन एकदा म्हणाला होता, "भाऊसाहेब, बटनावर नगं, चिकट हुतं." मी त्याला चांगलंच झापलं होतं. तुला देवाधर्माचं काय कळतं, असं काहीतरी बोललो होतो.

मी खाली मान घालून बसलो. मामांनी स्विच फडक्यावर ठेवला. मग म्हणाले, "देवाला बोल लावू नका. बटनात भर आसं त्यानं काय सांगितलं न्हवतं."

त्यांनी बिलावर लिहिलं, "स्विच आतून चिकटत होता. नवीन बसवला." एवढंच. कशानं चिकटला ते लिहिलं नाही. जुना स्विच बिस्किटांच्या डब्यात गेला आणि चिठ्ठीवर बबनचं नाव लागलं.

मी ऑफिसात येऊन ग्रुपवर नवा मेसेज टाकला. "सदर गाडीत तांत्रिक बिघाड आढळला आहे. आधीचा मेसेज दुर्लक्षित करावा." दोघांनी अंगठा दाखवला. मला वाटलं, सुटलो. मनातून लाज वाटत होती, पण लाजेला कोण विचारतंय, काम झाल्याशी मतलब.

काम झालं नव्हतं. दहा-बारा दिवस झाले तरी बबनला कोणी गाडी देईना. लोकांचा समज असा की मालकाशी काहीतरी समेट झाला म्हणून मेसेज फिरवला. आमच्या शेठनाही तसंच वाटत होतं, की कारकून ड्रायव्हरला सांभाळून घेतोय. आणि मी बबनला एकदाही फोन केला नव्हता. करून काय बोलणार होतो?

एके दिवशी लुनाचा आवाज आला आणि मामा ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसले. शेड सोडून ते असे कधी येत नसत.

"त्यो मेसेज वाचून दाखवा."

मी वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

"ह्यात बबन कुठं हाय?" ते म्हणाले. "फोटू टाकला तवा त्याचं नाव हुतं, गाव हुतं. आता नुसती गाडी. आनि तुमी कुठं हाय?"

"मामा, मी लिहिलं तर शेठ मला काढतील."

"काढतील की. बबनला न्हाई का काढलं?"

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला. या माणसाला काय जातंय बोलायला, नोकरी माझी आहे, असं वाटलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून तो उघडा स्विच काढून टेबलावर ठेवला, चिठ्ठीसकट, आणि निघून गेले. घाई करा असंही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी कदाचित भांडून मोकळा झालो असतो.

दुपारभर तो स्विच समोर होता. चार वाजता मी त्याचा फोटो काढला, लाल-पिवळा थर नीट दिसेल असा, आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "सोनईचे बबन झोपले नव्हते. ते पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते. पूजा करताना मी बटणात हळद-कुंकू आणि नारळाचं पाणी घातलं, त्यानं स्विच चिकटला. बबननं मला आधीच सांगितलं होतं. चूक माझी आहे." आणि माझं नाव, हुद्दा.

लोकांनी माझी यथेच्छ टिंगल केली. हसण्याचे गोल चेहरे स्क्रीनभर. शेठचा फोन आला, त्यांनी मला पोटभर शिव्या घातल्या आणि मध्येच त्यांना काहीतरी आठवलं. त्यांच्याही घरच्या तिन्ही गाड्यांची पूजा मीच करत होतो. शेवटी म्हणाले, "बबनला बोलाव. आणि माझ्या गाड्यांची बटणं बघून घे."

बबन आला. किल्ली घेतली, "बरंय भाऊसाहेब," म्हणाला आणि गाडी पुसायला लागला. मी ग्रुपवर शंभर लोकांसमोर लिहिलं होतं, पण त्याच्यासमोर उभं राहून दोन शब्द बोलणं मला जमत नव्हतं. त्यानंही काही काढलं नाही.

पुढची अमावास्या आली. मी ताट, नारळ घेऊन गाडीपाशी गेलो खरा, पण केबिनमध्ये चढायचा धीर होईना. बबन स्टिअरिंगवर बसला होता. तेवढ्यात लुना आली. मामांच्या हातात दुधाची रिकामी पिशवी होती, धुऊन, कापून सपाट केलेली.

"अजून झाली न्हाई ना पूजा?" असं म्हणत ते दुसऱ्या बाजूनं केबिनमध्ये चढले. त्यांनी ती पिशवी स्टिअरिंगवरच्या बटणांवर पसरली आणि दोन्ही हातांनी कडा दाबून धरल्या. मग काहीतरी आठवल्यासारखं एक हात काढून, चर्चमध्ये काढतात तशी, डोक्यावरची टोपी उतरवली आणि मांडीवर ठेवली. मी त्यांना बिनटोपीचं कधी पाहिलं नव्हतं. डोकं अगदी गुळगुळीत आणि चेहऱ्यापेक्षा कितीतरी उजळ होतं.

"आता टाका खुशाल."

मी चाकांना, काचेला, स्टिअरिंगच्या कड्याला हळद-कुंकू लावलं. खाली उतरून नारळ फोडला, पुन्हा चढून पाणी शिंपडलं. ते पिशवीवरून ओघळत मामांच्या मनगटांवर गेलं. सगळं झालं तरी माझ्या बोटावर कुंकू उरलं होतं आणि सवयीनं बोट बटणांकडे वळलं. पिशवी दिसल्यावर हवेतच थांबलं.

मामांनी ते बघितलं.

"ते बबनच्या कपाळाला लावा," ते म्हणाले. "इतकी बारी बटनाला लावलं, गाडी तर त्योच हाकतो."

मी बबनच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यानं डोळे मिटून मान थोडी खाली घेतली. त्याच्या कपाळावर बोट असतानाच मी म्हणालो, "बबन, चुकलं माझं." तो डोळे न उघडताच म्हणाला, "व्हय." आणि थोड्या वेळानं, "जाऊ द्या."

त्या उन्हाळ्यात दावीदमामा गेले. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेले. मी तेव्हा गावी होतो, मला कळलंच उशिरा. म्हणून मामा म्हटलं की मला ती अमावास्याच आठवते. ते केबिनमधून उतरले, टोपी घातली, पिशवी झटकून उन्हात धरून बघितली आणि तिची घडी घालून माझ्या हातात दिली. "फुडच्या अमुशाला लागंल," म्हणाले. मग लुनाला पायडल मारत, भलत्याच चालीत गुणगुणत, शेडकडे निघून गेले.